रेश्माचे फोटो उघडत नाहीत

६ जानेवारी, सोमवार

आज बढती झाली. लेखी नाही. पण झाली.

सकाळी शिवराज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ईमेलमधून हल्ली वेष बदलून फाइली येतात म्हणे, त्यावर आज एका दिवसाचं ट्रेनिंग आहे, सात रस्ता चौकाजवळच आहे, कोण जाईल? अकाउंट्सच्या वैजयंतीबाईंचं जीएसटी रिटर्न अडलेलं. रेश्मा करमाळ्याच्या शाळांच्या सॅम्पलमध्ये बुडालेली. मी रिकामा होतो असं नाही. मोकळा होतो. फरक आहे.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कंपनीत ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून उभी हयात गेली. 'सिक्युरिटी' हा शब्द माझ्या बाबतीत कुणी वापरला नव्हता. वॉचमनच्या बाबतीत वापरायचे.

ट्रेनिंग उत्तम. सार असं: फाइलच्या नावाच्या शेवटी तिचं आडनाव असतं. डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी वगैरे. आडनाव कुणीही बदलू शकतो. पण फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पहिली दोन-चार अक्षरं खरं कूळ सांगतात. PK दिसलं तर ती झिप. म्हणजे गाठोडं. फोटोच्या वेषातलं गाठोडं. अंगावर काटा आला.

दुसरं सत्र जेवणानंतर. डोळे मिटून ऐकलं, एकाग्रता वाढते. शेजारच्याने हलवलं तेव्हा सर्टिफिकेटं वाटत होते.

साहेबांना सर्टिफिकेट दाखवलं. 'बरं, बघा मग जरा तुम्हीच,' म्हणाले. हा अधिकारच झाला. पद: डेटा सुरक्षा अधिकारी. (पाटी मराठीत की इंग्रजीत?)

एक जुनी शंका आज पक्की झाली. मागच्या जूनला दुसऱ्या एका कंपनीने हुबेहूब आमच्यासारखा मुलींचा ट्युनिक बाजारात आणला. पुढे बॉक्स प्लीटच्या दोन चुण्या, उजवीकडे खिसा. साहेब तेव्हा म्हणाले, कोरे, सगळ्याच ट्युनिकला प्लीट असतात. साहेब भोळे आहेत. आपल्यात कुणीतरी आहे.


७ जानेवारी, मंगळवार

कामाला सुरुवात. ऑफिसचे सगळे मेल, आत येणारे आणि बाहेर जाणारे, आधी माझ्याकडे येतील. मी पास केले की पुढे. कॉम्प्युटरवाल्या आदिनाथला फोन करून तशी व्यवस्था लावून घेतली. झिप फाइली कायमच्या बंद. आदिनाथ म्हणाला, पण सर, तुमचे कपडे कापायचे पॅटर्न झिप करूनच जातात ना? त्याला सांगितलं, सुरक्षा म्हटली की त्रास आलाच. लगेच बंद करून दिल्या. तज्ज्ञ माणसाशी बोलतोय हे कळलं असावं.

शिवाय जो कुणी मेल करेल त्याला आपोआप उत्तर जाईल अशी सोय: 'आपला मेल आमचे डेटा सुरक्षा अधिकारी श्री. रुद्रप्पा कोरे साहेब यांच्याकडे तपासणीसाठी गेला आहे.' खाली मोबाइल नंबर. वचक बसला पाहिजे.

घरी नीलम्माला पदाचं सांगितलं. तिने विचारलं, पगार? म्हटलं, जबाबदारी वाढली. ती म्हणाली, 'साकु बिड्री,' म्हणजे पुरे करा, आणि भाकऱ्या थापायला गेली. कन्नडमध्ये एवढ्या थोडक्यात अपमान होतो.


८ जानेवारी, बुधवार

तक्रारी. मोठं काम करणाऱ्याला असायच्याच.

वैजयंतीबाई भर ऑफिसात म्हणाल्या, 'कोरे, बँकेचा ओटीपी तुमच्याकडे तपासणीला आला आणि तिथंच वारला.' सगळे हसले. कोण किती हसलं ते बघून ठेवलं.

रेश्मा दोनदा टेबलापाशी आली. ही पॅटर्नची मुलगी, वेळापूरची. शेतकऱ्याची लेक, डिप्लोमा केलेली. एका मापावरून पहिली ते दहावीची सगळी मापं कॉम्प्युटरवर काढते. म्हणे, 'सर, मास्तरांकडं पॅटर्न कसं पाठवू? झिप जातच न्हाय की.' मास्तर म्हणजे एमआयडीसीतल्या युनिटचे कटिंग मास्तर, निंगप्पा. मी तेव्हा पाटीच्या मजकुरात होतो. म्हटलं, काढ काहीतरी मार्ग. अशा बारक्या गोष्टी अधिकाऱ्यापर्यंत आणू नयेत.


१० जानेवारी, शुक्रवार, दुपारी

सापडलं.

रेश्मा रोज बाहेर मेल करते. विषय कोरा. अटॅचमेंटचं नाव photo.jpg. पत्ता कुणा मायाक्काचा. मायाक्का नावाचं गिऱ्हाईक नाही, व्यापारी नाही, शाळा नाही. फोटो उघडून पाहिला, उघडत नाही. दुसराही नाही. मग ट्रेनिंग आठवलं. नोटपॅड. पहिली दोन अक्षरं:

PK.

गाठोडं. फोटोच्या वेषात. आमच्याच ऑफिसातून, रोज.

ताबडतोब ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. कच्चा अधिकारी ओरडतो. पक्का अधिकारी पुरावा जमवतो. तिचे मेल पास करत राहायचे, म्हणजे तिला संशय येणार नाही. प्रत्येक गाठोड्याच्या पहिल्या पानाची प्रिंट काढून कपाटात.


१३ जानेवारी, सोमवार

पाळत. रेश्मा फोनवर बोलताना खिडकीकडे जाते. तिथे रेंज असते हे खरं, पण मी कधी खिडकीकडे जातो का?

आज ती फोनवर म्हणाली, 'आलं का? उघडलं का? बरं, नाव बदलून घ्या मग.' माझ्यापासून चार हातांवर. एवढं धाडस फक्त सराईत माणसात येतं.

नीलम्मा म्हणते गड्ड्याच्या यात्रेला चला. मायाक्का कोण हे कळेपर्यंत यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसणार नाही.


१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

रेश्माने सगळ्यांना तिळगूळ दिला. घेतला. गोड बोलायचं बंधन मानलं नाही.

लाडू चांगले होते. गावाकडचे. दोन खाल्ले, तिला संशय येऊ नये म्हणून.


१७ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर विचार केला. साहेबांकडे जायला पुरावा अजून थोडा हवा. पण मुलगी कोवळी आहे, आपल्याच लेकीच्या वयाची. वडीलकीच्या नात्याने घरच्यांना आधी सावध करावं. तिच्या नोकरीच्या कागदावर वडिलांचा नंबर होता. तात्याबा, वेळापूर.

फोन केला. ते शेतात होते, पाण्याची मोटार चालू होती. मोठ्याने बोलावं लागलं. सांगितलं, तुमची मुलगी कंपनीचं बाहेर पाठवते. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. दोनदा विचारलं, काय पाठवती? मी म्हटलं, माल. समजायला सोपा शब्द वापरला.

पलीकडे मोटार बंद झाली. मग म्हणाले, 'बरं सायेब. येतो मी.'

समजूतदार माणूस वाटला. चांगलं काम केल्याचं समाधान. संध्याकाळी भजी खाल्ली.


२० जानेवारी, सोमवार

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे. पुढे प्रश्न निघतील.

सकाळी मेल आला. करमाळ्याच्या शिक्षणसंस्थेच्या नावाने. त्यांच्या सगळ्या शाळांच्या गणवेशाची यंदाची सर्वांत मोठी ऑर्डर आमच्याकडे यायची आहे. मेलची सुरुवात: 'आदरणीय श्री. रुद्रप्पा कोरे साहेब, डेटा सुरक्षा अधिकारी.' करमाळ्यापर्यंत नाव गेलं. इथे आदरणीय कोण म्हणतं? सोबत विद्यार्थ्यांच्या मापांची यादी. लाल चिन्ह, शेवटी डॉट पीडीएफ. आडनाव स्वच्छ.

तेवढ्यात रेश्मा आली. तिने माझ्या स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाली, 'सर, ती फाइल उघडू नका. मी आत्ताच करमाळ्याच्या मोठ्या बाईंशी बोलले. यादी पुढच्या आठवड्यात देतो म्हंत्यात. हे त्यांनी पाठवलंय असं वाटत न्हाय.'

मी तिच्याकडे बघत राहिलो. ही का घाबरली? त्या यादीत असं काय आहे जे मी पाहू नये? गाठोडी पाठवणारी मुलगी मला सांगते, उघडू नका.

नोटपॅडमध्ये तपासणार होतो. पण ती समोर उभी. अशा वेळी अधिकाऱ्याने कचरलेलं दिसू नये.

उघडली.

काहीच झालं नाही. तिला म्हटलं, बघ. ती आपल्या टेबलाकडे गेली.

जेवणाच्या सुट्टीनंतर वैजयंतीबाईंची एक्सेल उघडेना. मग सगळ्यांचंच काही उघडेना. मापं, पॅटर्न, कोटेशनं, आजवर जे काही त्या सर्व्हरवर होतं ते सगळं. प्रत्येक फाइलला एक नवंच आडनाव लागलेलं. स्क्रीनवर इंग्रजी धमकी आणि उलटं चालणारं घड्याळ. आदिनाथ धावत आला, वायरी उपटल्या. म्हणाला, सर, डॉट पीडीएफच्या पुढे आणखी एक आडनाव होतं, डॉट ईएक्सई. विंडोज ते लपवतं. ट्रेनिंगमध्ये दुसऱ्या सत्रात हेच शिकवतात.

दुसऱ्या सत्राची वेळ चुकीची होती. आयोजकांना कळवलं पाहिजे.

साहेब कुणावर ओरडले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. करमाळ्याचे सॅम्पल शुक्रवारी द्यायचे आहेत. ते एवढंच म्हणाले, 'बाबांच्या वेळचे पॅटर्न पण त्यातच होते.'


२१ जानेवारी, मंगळवार

तात्याबा आले. आजच यायचं होतं त्यांना.

पहाटेच्या एसटीने निघाले असावेत. स्वच्छ सदरा, हातात कापडी पिशवी. रेश्माला माहीतच नव्हतं. ती दारातच 'बाबा, तुमी हितं?' म्हणून थांबली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ माझ्या टेबलाशी आले.

'सायेब, फोन तुमीच केला हुता न्हवं? किती कापड नेलं माझ्या पोरीनं?'

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे.

मी शांतपणे सांगितलं, कापड नाही. डेटा.

'ते कसलं असतंय?'

कपाटातून प्रिंटा काढल्या. त्यांच्यासमोर ठेवल्या. PK वर बोट ठेवलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला, खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिला. सगळी चिन्हंच चिन्हं. म्हणाले, 'ह्यात चोरी कुटं लिवलीय?'

मी समजावलं की फोटोच्या नावाखाली पोरीने कंपनीची गुपितं बाहेर पाठवली. ते म्हणाले, 'म्हंजे आता ती हितं न्हाईत?'

इथे जरा अडचण झाली. वैजयंतीबाई म्हणाल्या, 'काका, कालपर्यंत इथंच होती. काल कोऱ्यांनी एक मेल उघडला.'

साहेबांनी रेश्माला विचारलं, काय पाठवत होतीस? ती रडत नव्हती. आवाज बारीक झाला होता फक्त. 'पॅटर्न, सर. मास्तरांना. झिप बंद केल्या हुत्या. कोरे सरांनी सांगितलं मार्ग काढ, म्हणून फोटोचं नाव देऊन पाठवत हुते. मास्तर तितं नाव बदलून घेतात आणि कापतात.'

साहेबांनी निंगप्पा मास्तरांना फोन लावला, स्पीकरवर. मास्तर म्हणाले, मायाक्का म्हणजे माझी आई, मेलचं खातं उघडताना नातवाने आजीचं नाव टाकलं, तेच राहिलं. मग साहेबांनी विचारलं, 'मास्तर, ते फोटो ठेवलेत का काढून टाकले?'

'समदे हायत की. करमाळ्याचं तर हायच, शिवाय मापं नीट बसवायला म्हणून तिनं जुने पॅटर्नबी पाठवलेत. काय झालं?'

साहेबांनी डोळे मिटले. वैजयंतीबाई खाली बसल्या.

नंतर साहेबांनी मला विचारलं, झिप कुणी बंद केल्या? म्हटलं, पॉलिसी होती. कुणाची? म्हटलं, कंपनीची.

तात्याबांनी प्रिंटा नीट जुळवून माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, 'सायेब, वेळापुरात मी कुणाला काय बोललो न्हाय. पर चार दिस झोपलो न्हाय.' रागावले नव्हते. रागावले असते तर उत्तर देता आलं असतं. वैजयंतीबाईंनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. रेश्मा त्यांना सोडायला स्टँडवर गेली. रजेचा अर्ज न देता गेली, पण आज नोंद घेतली नाही.


२३ जानेवारी, गुरुवार

मास्तरांच्या कॉम्प्युटरवरून बऱ्याच फाइली परत आल्या. रेश्मा आणि आदिनाथ दोन दिवस एमआयडीसीत बसून होते. करमाळ्याचे सॅम्पल उद्या जातील.

शांतपणे विचार केला. काय दिसतं? कंपनीचा डेटा ऑफिसबाहेर, सुरक्षित जागी, वेगळ्या नावाने साठवलेला होता. ट्रेनिंगमध्ये याला ऑफसाइट बॅकअप म्हणतात. झिप बंद केल्या नसत्या तर तो त्या पद्धतीने साठला असता का? धोरण माझं होतं. श्रेय मागणार नाही.

आणि रेश्माची फाइल वेषांतर केलेलीच होती. हे मी ओळखलं होतं. यावर कुणी बोलत नाही.


२५ जानेवारी, शनिवार

रेश्माने राजीनामा दिला. महिनाअखेर शेवटचा दिवस.

साहेबांनी तिला तासभर थांबवून घेतलं. भिंत पातळ आहे. पद वाढवतो म्हणाले, टेबल बदलतो म्हणाले. ती म्हणाली, 'सर, तुमचं काय न्हाय. बाबा एसटीत बसताना एवढंच म्हणाले, तुला ठाऊक हाय ना तू काय केलं न्हाईस, मग झालं. पर त्यांनी इचारलं तर हुतं की. चार दिस त्यांच्या मनात आलंच हुतं.'

नंतर साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, कोरे, तिची माफी मागा. आदेश नव्हता. त्यापेक्षा वाईट आवाजात म्हणाले.

तोंडी माफी विरून जाते. लेखी करायचं ठरवलं. तीन मसुदे. शेवटचा उत्तम उतरला: 'सद्हेतूने घडलेल्या गैरसमजाबद्दल खेद.' पीडीएफ करून रेश्माच्या ऑफिस मेलवर पाठवला.


२७ जानेवारी, सोमवार

सगळे मेल आधी माझ्याकडे येतात. माझं माफीपत्र माझ्याकडेच तपासणीला आलं.

वाचलं. मनाला भिडलं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारावं असं वाटलं. पास करायचं राहिलं.

रेश्मा दोनदा समोरून गेली. सरळ बोलता आलं असतं. पण पत्र वाटेत असताना तोंडी बोलणं बरोबर दिसत नाही.


३१ जानेवारी, शुक्रवार

रेश्माचा शेवटचा दिवस. वैजयंतीबाईंनी केक आणला. मला तुकडा आला, बाजूचा.

एक कर्तव्य उरलं होतं. नोकरी सोडणाऱ्याची बॅग तपासणं हा सुरक्षेचा पहिला नियम. हा नियम मी आज सकाळी केला. दारापाशी तिला म्हटलं, जरा बॅग.

साहेब 'कोरे' म्हणाले, पण तिने बॅग आधीच उघडून धरली होती. आत डबा, ओढणी, इंच टेप, पाण्याची बाटली. टेप तिचीच होती, तिच्या नावाचं लेबल होतं. पेनड्राइव्ह नाही, कागद नाही. बॅगेची चेन लावायला मदत केली.

म्हटलं, एक पत्र पाठवलंय तुला, मेलवर. ती म्हणाली, 'आला न्हाय सर. बघा, अडकला असंल कुटंतरी.' आणि वैजयंतीबाईंच्या पाया पडून गेली. वैजयंतीबाई बराच वेळ दारातच उभ्या होत्या.

नोंद: कंपनीचा कोणताही डेटा बाहेर गेलेला नाही.


३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच करमाळ्याच्या मोठ्या बाईंचा फोन. सॅम्पल पसंत आहेत. फक्त सहावी-सातवीच्या मुलींचा कुडता काखेत आवळतो, तेवढं सैल करून सगळ्या मापांत बसवून गुरुवारपर्यंत द्या. रेश्माला द्या फोन, तिला कळेल. सांगितलं, रेश्मा इथे नाही. मग तिचा नंबर? म्हटलं, कर्मचाऱ्यांची माहिती गोपनीय असते. बाई म्हणाल्या, असू द्या, तिचा मोबाइल आहे माझ्याकडे. आणि ठेवला.

साहेबांनी कुडत्याची फाइल काढायला सांगितली. लगेच काढली. आधी नोटपॅडमध्ये तपासली, नाव पूर्ण दाखवायला लावून आडनाव पाहिलं. मग साहेबांसमोर उघडली.

स्क्रीनभर रेघा. रेघांवर आकडे, आकड्यांवर बाण, बाणांच्या टोकाला रेश्माने घातलेल्या खुणा. के-२, पा-अर्धा, 'मास्तर बोलले तसं'. निंगप्पा मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, 'मी कापतो साहेब. ती आखायची, मी कापायचो.' वैजयंतीबाई चष्मा लावून बघून गेल्या. साहेब कितीतरी वेळ बघत होते. वडिलांच्या वेळचा पॅटर्न उघडला, त्यातही तिच्याच खुणा. तोही बंद केला.

मग मला विचारलं, 'कोरे, तुम्हाला वाचता येतं का यातलं काही?'

म्हटलं, फाइल अस्सल आहे साहेब. आत एक, बाहेर एक असं काही नाही. पूर्ण सुरक्षित.

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, उद्यापासून मेल वैजयंतीबाई बघतील. तुम्ही आज निघालात तरी चालेल.

चार वाजता घरी. नीलम्मा दारातच. आज लवकर कसे?

म्हटलं, काम संपलं.